तोंडावरचा धोंडा

"पाणी गेलं म्हणतोस, पण गेलं कुठं?"

आव्वांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मांडीवरचं सूप हलत होतं. सुपात पावटे होते. किडका दिसला की त्यांचं बोट आपोआप त्याच्यावर जाई.

शिवगोंडा पाटील समोर उभाच होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले.

"आव्वा, ते दोन वर्षांमागचं झालं. तेव्हा गेलं. आता तीन दिवस झाले, थेंब जात नाही. त्यासाठी आलोय."

"आताचं कळलं की मला. मी तेव्हाचं विचारते."

शिवगोंडा दारातून रानाकडे बघत राहिला...

कृष्णेच्या काठी, शिरोळच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर हा लहानसा मठ आहे. नीलव्वा तिथे एकट्या राहत. दोन वेळची पूजा, अंगणातले चार वाफे, आल्यागेल्याला भाकरी. त्यांचं वय कुणाला सांगता येत नसे. सगळं गाव त्यांना आव्वा म्हणे.

शिवगोंडा पाच वर्षांचा होता तेव्हापासून त्यांच्यापाशी येई. पाटीवरचं पहिलं अक्षर त्याने इथेच गिरवलं होतं. लग्न ठरल्याचं सांगायला तो घराच्या आधी इथेच आला होता.

आता तो गावातला शहाणा माणूस होता. कारणही तसंच होतं.

त्याच्या वडिलांनी खालच्या रानाला वर्षानुवर्षं पोटभर पाणी पाजलं. रान आधी फुगलं, मग थंड पडलं, मग पांढरं झालं. सकाळी बघावं तर कुणी मीठ शिंपडून गेल्यासारखं. ऊस गुडघ्याच्या वर येईना. चार वर्षं कुसळाशिवाय काही उगवलं नाही.

त्याची बायको सुगंधा. तिने तेव्हा एक नेम धरला. आपल्या रानातली हळद घरात येईपर्यंत चुलीवरच्या कशातच हळद पडणार नाही. पांढरी आमटी, पांढरी भाजी, पांढरा रस्सा. पाहुणे ताटाकडे बघून हसत. ती आणखी एक डाव वाढे.

मग शिवगोंडा ह्यावरचा उपाय शिकून आला. छातीइतके चर खणून त्याने रानाच्या पोटात भोकं पाडलेले पाईप घातले. जिप्सम टाकलं. हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून फुलावर यायच्या आत गाडला. शेणखत घातलं, पाला घातला, जाळलं काही नाही. पहिल्याच पावसाळ्यात मातीतून गांडूळ निघालं, तेव्हा तो ते तळहातावर घेऊन घरी पळत गेला होता.

यंदा त्या रानात हळद उभी होती, कमरेइतकी. लांबलांबची माणसं बघायला येत. तो त्यांना बांधावर उभं करून समजावून सांगे, आणि शेवटी म्हणे, "आव्वांचा आशीर्वाद आहेच, पण नुसत्या आशीर्वादानं रान कोरडं होत नसतं."

हे आव्वांच्या कानावर आलं होतं. त्या हसल्या होत्या.

"तोंडावर धोंडा कुणी ठेवला ते विचारा की," शिवगोंडा शेवटी म्हणाला.

पोटातल्या पाइपांचं सगळं पाणी एका मोठ्या पाइपातून बांधाबाहेर पडत असे. त्या जागेला सगळे तोंड म्हणत. परवा सकाळी तिथं तोंडात जुन्या वाकळेचा बोळा कोंबलेला सापडला. त्याला लावून एक धोंडा. धोंड्यावर विभूतीचे तीन पट्टे, वर बेलाचं पान.

"दिसला तर काढायचा."

"विभूती लावलेला? मी? काल दोनदा हात नेला, दोनदा मागं घेतला. सुगंधा म्हणाली, आव्वांना विचारल्याशिवाय शिवायचं नाही."

"शहाणी हाय पोरगी. आणि ठेवला कुणी म्हणतोस?"

"कुणी काय! तोंड उघडतंय दस्तगीरच्या रानाच्या अंगाला. दुसऱ्या कुणाला काय पडलंय? वर भेटला की हसून रामराम करतो. आणि आमचाच देव आमच्यापुढं उभा करतो. डोकं बघा त्याचं!"

दस्तगीर मुल्ला हा खालच्या अंगाचा शेजारी. दरसाल मठाच्या खिरीला खपली गहू त्याच्याकडून येई, त्याची बायको मलिका तो निवडून देई. गेल्या साली आला नव्हता.

"दस्तगीरनं विभूती आणली कुठनं?" आव्वांनी विचारलं.

"तुमच्याकडनंच नेली असंल."

"व्हय," आव्वा म्हणाल्या. सूप खाली ठेवलं. "माझ्याकडनंच गेली."

...

"वाकळ माझीच हाय. पहाटे काठी टेकत गेले. धोंडा तिथंच पडला होता, लोटला. येताना घसरले, कोपर खरचटलं. ते सोड."

शिवगोंडा खाली बसला.

"आव्वा... तुम्हाला ठाऊक आहे का काय केलंत ते? पाईप जिथं जुळतात त्या चेंबरमध्ये छातीइतकं पाणी चढलंय. हळदीच्या बुडाशी बोट घातलं तर भोकात पाणी उभं राहतंय. पानांचे शेंडे पिवळे पडायला लागलेत. अजून दोन महिने ती जमिनीत राहायची आहे. आणि उद्या पहाटे पाण्याची पाळी! वरच्या उसाला पाणी सुटणार, ते झिरपून खाली हळदीतच येतंय. एकदा कंद कुजला की संपलं. रान परत पांढरं पडायला वेळ नाही लागत, आव्वा. सहा वर्षं झाली, सुगंधानं सहा वर्षं..."

आव्वांनी तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"मला कळतंय," त्या म्हणाल्या.

"मग उठवा तो देव. आत्ता चला."

"चलते की. पण आधी तू जा. पायताण काढून दस्तगीरच्या रानातनं चालत जा. पाणी कुठं गेलं ते बघ. मला बांधावर येऊन सांग, मग उठवते."

"उतार तिकडं आहे! पाणी उतारानंच जाणार. त्याला मी काय करू?"

"तू काय केलंस असं कुठं म्हटलं मी? बघून ये म्हटलं."

"वेळ नाही, आव्वा!"

"मग पळत जा."

दस्तगीरच्या रानात त्याने दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. एकच बांध, पण बांधावर आला की तो नेहमी आपल्या बाजूला तोंड करून उभा राहत असे.

पाऊल टाकलं आणि पांढरा पापुद्रा कर्रकन मोडला. खाली चिखल. पाय घोट्यापर्यंत आत गेला. काढला, दुसरा गेला.

दहा पावलांत टाचा चरचरू लागल्या. भेगांत खार शिरत होता. आणि तो वास... कोंडलेल्या, सडक्या पाण्याचा. हा वास त्याला ओळखीचा होता. चार वर्षं तो ह्याच वासाने पहाटे जागा होत असे. आपल्या रानातून तो गेला तेव्हा त्याने गावात पेढे वाटले होते.

एका कडेला खपलीचे चार तास, चार ओळी, वीतभर उगवले होते. बाकी सगळं पांढरं.

दस्तगीर उकिडवा बसून खुरप्याने वरचा खार खरवडत होता आणि पाटीत भरत होता. त्याने मान वर केली.

"या पाटील, या! जपून, रुततंय." तो हसला. "ही सहावी पाटी. तुमचं मीठ खातोय म्हणायचं. जागायला पाहिजे आता मिठाला."

शिवगोंडाने वाटेत चार कडक शब्द जुळवून ठेवले होते. एकही आठवेना.

दस्तगीर उठला. हात धोतराला पुसले आणि मग एकदम त्याचा आवाज बदलला.

"पाटील, मी घरी येणारच होतो. पण काय तोंडानं येऊ, समजंना. परवा सकाळी पाणी थांबलं. बांधावर येऊन बघितलं तर विभूती लावून, बेल वाहून तोंड बंद केलेलं. मी काय समजायचं ते समजलो. घरी जाऊन मलिकाला सांगितलं, पाटलांनी देवाला साक्षी ठेवून पाणी थांबवलं, न सांगता, न बोलता. ती रडलीच. म्हणाली, खपली झाली की पहिली पायली त्यांच्या घरात."

शिवगोंडा त्याच्याकडे बघत राहिला.

"मी मनात तुम्हाला लई शिव्या दिल्या होत्या, पाटील. दोन वर्षं. माफ करा."

"दस्तगीर, तो धोंडा..."

"हां?"

"... काही नाही."

"या इकडं. एक गंमत दाखवतो."

उंचवट्याच्या कोपऱ्यात त्याने वाकून मूठभर माती घेतली. मूठ दाबली. गोळा झाला. कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा जमिनीवर पडून भुसभुशीत फुटला.

"वाफसा!" दस्तगीर म्हणाला. घरात बाळ झाल्याचं सांगावं तसा म्हणाला. "दोन वर्षांनी आलाय. चटईएवढीच जागा हाय, पण आलाय. धरा की हातात."

मातीत ओल हवी आणि वाराही हवा. दोघं एका घरात नांदले की वाफसा. शिवगोंडा हे बाहेरगावच्या माणसांना किती वेळा सांगत आला होता! आता ती मूठ त्याच्या हातात होती, आणि त्याला ती धरवेना, टाकवेना.

तो वळला आणि बांधाकडे चालू लागला. दस्तगीर हाक मारत मागून निघाला.

आव्वा तोंडापाशी येऊन बसल्या होत्या. काठी आडवी, कोपराला फडकं.

"सापडलं पाणी?"

"सापडलं."

"कुठं हाय?"

"माझ्या टाचांत," शिवगोंडा म्हणाला.

आव्वांनी मान हलवली. मग ठरल्याप्रमाणे धोंड्यापुढे हात जोडले. बेलाचं पान उचलून कनवटीला लावलं. अंगठ्याने तिन्ही पट्टे पुसले आणि ती विभूती आपल्या कपाळाला लावली.

"उठला देव. आता नुसता धोंडा हाय. काढ."

शिवगोंडा वाकला. दोन्ही हात धोंड्याला लावले.

पाइपाच्या आत पाणी बुडबुडत होतं. बोळ्याच्या कडेने एक बारीक धार निसटून दस्तगीरच्या अंगाला चालली होती.

तो तसाच वाकलेला राहिला...

"देव होता तवा काढायला निघालेलास," आव्वा म्हणाल्या. "आता धोंड्याला भितोस व्हय?"

त्याने हात सोडले.

"काढला तर तो बुडतो, आव्वा. नाही काढला तर मी."

"व्हय."

"मग मी काय करू?"

आव्वा ओढ्याकडे बघत होत्या.

दस्तगीर येऊन पोचला होता. त्याने पुसलेला धोंडा बघितला, शिवगोंडाचे चिखलाचे हात बघितले.

"म्हणजे... पाटील, हा तुम्ही नव्हता ठेवला?"

शिवगोंडाला खोटं बोलता आलं असतं. आव्वा काही बोलल्या नसत्या.

"नाही," तो म्हणाला. "मी काढायला आलो होतो."

वरच्या उसाची पानं तेवढी एकमेकांवर घासत होती.

दस्तगीरने खाली बघितलं. पायाच्या बोटाने एक ढेकूळ उलटं केलं.

"मलिकाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "तिनं नमाजात तुमचं नाव घेतलंय."

शिवगोंडाने तोंडावरून हात फिरवला. माती कपाळाला लागली ते त्याला कळलं नाही.

"इथनं ओढा किती लांब, दस्तगीर?"

सगळ्या शिवाराचा चढउतार पाठ असलेला माणूस हे विचारत होता. दस्तगीरला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"दोनशे पावलं. मधी माझी खपली."

"मोठा पाईप तेव्हाच ओढ्यापर्यंत न्यायला पाहिजे होता. मी बांधाशी थांबलो. माझं रान तिथं संपत होतं." तो थांबला. "अजून नेता येईल. तुझ्या रानातही पाईप घालून त्यालाच जोडता येतील. उतार आहे. दोघांचं पाणी ओढ्याला लागेल."

"आणि तोवर?"

"तोवर उघडा चर. तुझ्या रानाच्या कडेनं. पण खपलीचे दोन तास मोडतील."

चारच तास उगवले होते. दस्तगीरने ते एकदा डोळ्यांनी मोजले. वेळ लागला त्याला.

"मोडा," तो म्हणाला. "कुदळ आणतो. किती दिवस लागतील?"

"दोघंच असलो तर दोन. सुगंधा येईल, मलिका आली तर दीड." बोलता बोलता शिवगोंडाचा चेहरा परत उतरला. "पण दीड दिवस आहे कुठं? उद्या पहाटे पाळी! एकदा वरनं पाणी सुटलं की कसला चर आणि कसलं काय... रात्रीत हळद पाण्यात बसेल. चर पुरा व्हायच्या आत धोंडा काढावा लागेल, नाहीतर..."

"पाळी कुणाची?" आव्वांनी विचारलं.

शिवगोंडाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

...

"माझीच," तो म्हणाला.

"मग सोड की."

आता दस्तगीर हसला. त्याला हसू आवरलंच नाही. "आव्वा, पाळी कुणी सोडतं व्हय?"

खरंच त्या गावात कुणी सोडत नसे. नदीवरून पाणी उचलून आणणारी संस्था. पंधरा दिवसांनी एकेकाचा नंबर. आला की घ्यायचा. लग्नाच्या हळदीच्या अंगाने माणसं पाण्याची दारं धरून आलेली. वरून पाऊस कोसळत असताना डोक्यावर पोतं घेऊन रान भिजवलेलं. शिवगोंडाचे वडील गेले ती सकाळ पाळीची होती. त्याने आधी जाऊन उसाला पाणी वळवलं, मग येऊन खांदा दिला. कुणी त्याला नावं ठेवली नव्हती. रानाला तहान आहे का, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. पाळी आहे ना, एवढंच.

शिवगोंडा वरच्या उसाकडे बघत राहिला. हिरवागार, माणसाच्या वर गेलेला. त्याच्या बुडाची माती अजून ओली होती. हे त्यालाही ठाऊक होतं.

"सेक्रेटरीला सांगावं लागेल," तो स्वतःशीच म्हणाला. "गाव हसेल." मग आव्वांकडे वळला, आणि त्याचा आवाज पाटीवर अक्षर चुकलेल्या पोरासारखा झाला.

"पाळी सोडली तर पुढं पंधरा दिवस थेंब नाही मिळायचा. वरचं रान उपाशी राहील, आव्वा."

आव्वा काठी टेकून उठत होत्या. उठता उठता थांबल्या.

"उपाशी कशानं राहील, लेका? उपास करंल."